आतड्याची राखण

अंडी उबवण्याच्या यंत्रातून एकविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर पडतं तेव्हा त्याच्या आतड्यात जिवाणूंची वस्ती जवळजवळ नसतेच. खुडूक कोंबडीखाली निघालेलं पिल्लूही असंच रिकाम्या पोटी जन्मतं. पण तिथे आईची विष्ठा, तिने उकरलेली माती, तिने चोचीने पुढ्यात टाकलेले दाणे हे सगळं पहिल्या दिवसापासून पिल्लाच्या पोटात जातं आणि त्याबरोबर तिच्या आतड्यातले जिवाणूही जातात. हॅचरीत हा व्यवहार मुद्दाम तोडलेला असतो. अंड्यांना फॉर्मलिनची धुरी दिलेली, ट्रे धुऊन निर्जंतुक केलेले आणि आई दूर कुठल्या तरी ब्रीडर फार्मवर. आईचे रोग पिल्लाला लागू नयेत म्हणून ही व्यवस्था आहे. ब्रीडर कळपांची रक्ततपासणी आणि ही स्वच्छता यांच्या जोरावरच पांढऱ्या हगवणीसारखे रोग आटोक्यात आले. मात्र रोगजंतूंना दार बंद करताना राखणदारही बाहेर राहिले. पिल्लू शेडवर उतरतं तेव्हा त्याच्या आतड्यातली सगळी जागा मोकळी असते आणि तिथे पहिला कोण येऊन बसेल हे नशिबावर असतं.

कोंबड्यांच्या प्रोबायोटिकचा, म्हणजे मुद्दाम पोटात सोडलेल्या उपयोगी जिवंत जिवाणूंचा, सगळा विषय या मोकळ्या जागेभोवती फिरतो. आज कोंबडीखाद्याच्या आणि औषधांच्या कुठल्याही दुकानात याची पाकिटं मिळतात. काही पाण्यात घालायची, काही खाद्यात मिसळायची. प्रत्येकावर वजन वाढेल, मरतूक कमी होईल, एफसीआर (किलोभर वजनामागे लागणारं खाद्य) सुधारेल असं लिहिलेलं असतं. ‘हे चालतं का?’ हा प्रश्न गेली पन्नास वर्षं विचारला जातो आहे आणि त्याला ‘हो’, ‘नाही’ आणि ‘कधी कधी’ अशी तिन्ही उत्तरं मिळाली आहेत. संशोधनाचा हा पसारा चाळताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. सर्वांत चांगली राखण करणारे जिवाणू पाकिटात भरून विकायला फार अवघड आहेत आणि विकायला सोपे असलेले जिवाणू राखणीत मधल्या फळीतले आहेत. बाकी गोंधळ बराचसा इथूनच सुरू होतो.

१९७१ साली फिनलंडमध्ये ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेला इन्फँटिस या जिवाणूची मोठी साथ आली. तो दूषित खाद्यातून शेडमध्ये शिरला आणि मांसातून माणसांपर्यंत पोचला. एस्को नुर्मी आणि रंताला या दोन फिनिश संशोधकांपुढे कोडं असं होतं: मोठ्या कोंबडीला साल्मोनेला सहजासहजी धरत नाही, पिल्लाला मात्र चिमूटभर पुरतो. ही गोष्ट अगदी नवी नव्हती. अमेरिकेत मिल्नर आणि शाफर यांनी १९५२ सालीच दाखवलं होतं की पहिल्या दिवशीच्या पिल्लाला मोजके साल्मोनेला दिले तरी संसर्ग होतो आणि पुढे काही दिवसांतच हा नाजूकपणा झपाट्याने कमी होतो. मोठ्या कोंबडीपाशी असं काय आहे जे पिल्लापाशी नाही? नुर्मींचं उत्तर होतं: भरलेलं आतडं. त्यांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या गळ्याखालच्या अन्नपिशवीतला आणि आतड्यातला ऐवज घेतला, तो पहिल्या दिवशीच्या पिल्लांना पाजला आणि मग त्यांना साल्मोनेला दिला. बहुतेक पिल्लांच्या आतड्यात साल्मोनेलाने मूळ धरलं नाही. १९७३ साली ‘नेचर’मध्ये हे काम जेमतेम दोन पानांत छापून आलं आणि कोंबडीच्या आतड्याकडे पाहण्याची नजर बदलली.

या प्रयोगातला वेळेचा हिशेब मला विशेष महत्त्वाचा वाटतो. संरक्षण एक-दोन दिवसांत मिळत होतं. एवढ्या थोड्या वेळात पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती तयार होऊ शकत नाही. म्हणजे इथे लसीसारखं काही घडत नव्हतं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तशी ही जागा धरण्याची गोष्ट होती. जो आधी बसला तो बसला. याचा दुसरा अर्थ असा की साल्मोनेला आधीच बसलेला असेल तर उशिरा पाजलेल्या जिवाणूंचा फारसा उपयोग होत नाही. पुढच्या प्रयोगांत तेच दिसलं: आधी दिलं तर राखण, मागाहून दिलं तर हळहळ.

जागा धरणं म्हणजे नेमकं काय, हे समजायला कोंबडीच्या पोटाची रचना पाहावी लागते. तिचं आतडं आखूड आहे आणि खाल्लेलं अन्न काही तासांतच बाहेर पडतं. जिवाणूंना निवांत राहायला जागा मिळते ती लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच्या दोन बंद टोकांच्या पिशव्यांत. यांना सीकम म्हणतात. मोठ्या कोंबडीच्या सीकममधल्या एका ग्रॅम ऐवजात दहा अब्ज ते शंभर अब्ज जिवाणू असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना प्राणवायू चालत नाही. अन्नातला न पचलेला कोंडा आंबवून ते ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्लं तयार करतात. पीएच उतरला की ही आम्लं साल्मोनेलाच्या पेशीत शिरतात आणि त्याची वाढ खुंटते. ब्युटिरिक आम्ल तर आतड्याच्या अस्तराचं अन्नच आहे. अस्तराच्या पेशी ते जाळताना प्राणवायू वापरून टाकतात, त्यामुळे आतली पोकळी प्राणवायूविना राहते आणि प्राणवायूवर फोफावणाऱ्या ई. कोलाय व साल्मोनेलाची पंचाईत होते. शिवाय चिकटण्याच्या जागा अडतात आणि खाण्यावरून स्पर्धा होते. काही जिवाणू आपल्या जवळच्या नात्यातल्यांना मारणारी बॅक्टेरिओसिन नावाची प्रथिनंही सोडतात. प्रतिकारशक्तीला शिस्त लावण्याचं कामही हे जिवाणू करतात, पण ते पुढच्या आठवड्यांतलं काम. यंत्रातल्या पिल्लाच्या सीकममध्ये ही सगळी वसाहत आपोआप उभी राहायला काही आठवडे लागतात. ब्रॉयलर तर पाच-सहा आठवड्यांतच बाजारात जातो. वसाहत बसते न बसते तोच गिऱ्हाईक दारात.

नुर्मींच्या शोधातून फिनलंडमध्ये ब्रॉयलॅक्ट नावाचं उत्पादन १९८७ साली बाजारात आलं. निरोगी कोंबडीच्या सीकममधले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून तयार केलेलं हे मिश्रण होतं. ते परिणामकारक होतं, पण त्यात नेमके कोणते आणि किती प्रकारचे जिवाणू आहेत याची पूर्ण यादी देता येत नव्हती. औषध नियंत्रकाला हे कसं पटावं? कोंबडीच्या पोटातलं जसंच्या तसं उचललं की त्यात एखादा विषाणू किंवा औषधाला न जुमानणारा जिवाणू लपलेला नसेलच असं कोण सांगणार? अमेरिकेने या बाबतीत कडक भूमिका घेतली. मग तिथल्या कृषी खात्याच्या टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशनच्या प्रयोगशाळेने २९ प्रकारचे ओळखलेले जिवाणू एकत्र वाढवून मिश्रण तयार केलं. प्रीएम्प्ट या नावाने त्याला १९९८ साली एफडीएची मान्यता मिळाली. पिल्लांवर त्याचा फवारा मारायचा. पिल्लं एकमेकांच्या अंगावरचे थेंब टिपतात, आपली पिसं चोचीने साफ करतात आणि जिवाणू पोटात जातात. कल्पना सुरेख होती. पण प्राणवायू न चालणारे २९ जिवाणू दर वेळी त्याच प्रमाणात वाढवणं, टिकवणं आणि जिवंत पोचवणं हा धंदा परवडणारा नव्हता. प्रीएम्प्ट पुढे बाजारातून गेलं.

बाजारातल्या प्रोबायोटिकांची निवड कशी झाली हे इथे उलगडतं. आतड्यात कोण उपयोगी आहे, हा प्रश्न मागे पडला. कोण सहज वाढतं, कोण वाळवता येतं, कोण दुकानातल्या उन्हाळ्यात तग धरतं, हे प्रश्न पुढे आले. त्यांची उत्तरं म्हणून दोन कुळं उरली: लॅक्टोबॅसिलस आणि बॅसिलस. सोबत एन्टेरोकॉकस, बिफिडोबॅक्टेरियम आणि यीस्ट यांची थोडी हजेरी. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो इथल्या संशोधकांनी २०१९ साली या निवडीवर चांगलाच प्रकाश टाकला. त्यांनी यंत्रात निघालेली पिल्लं मोठ्या कोंबडीच्या सहवासात ठेवली. एका दिवसाचा सहवासही पुरला. पिल्लांच्या सीकममध्ये तिच्याकडचे जिवाणू वस्तीला आले. कोण आले हे मात्र पाहण्यासारखं आहे. बॅक्टेरॉइडिस आणि त्याच्या सगेसोयऱ्यांचा त्यात मोठा भरणा होता. बीजाणू न करणारे, प्राणवायूला घाबरणारे हे जिवाणू एका पोटातून दुसऱ्या पोटात थेटच जाऊ शकतात. दुकानातल्या पाकिटांवर ज्यांची नावं असतात ते लॅक्टोबॅसिलस आईकडून आलेल्यांत ठळक नव्हते. आई जे देते ते पाकिटात नाही आणि पाकिटात जे आहे ते आईने दिलेलं नाही.

यावरून पाकिटातलं सगळं निरुपयोगी ठरत नाही. लॅक्टोबॅसिलसच्या बाजूने जुना आणि भक्कम पुरावा आहे. इंग्लंडमध्ये रॉय फुलर यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की कोंबडीच्या अन्नपिशवीच्या अस्तराला लॅक्टोबॅसिलस दाटीवाटीने चिकटून राहतात आणि तिथली आम्लता राखून ई. कोलायला थोपवतात. फुलर यांच्या कामातली एक गोष्ट आपल्याकडे लक्षात ठेवण्यासारखी आहे. हे चिकटणं प्राण्याप्रमाणे ठरतं. कोंबडीचे लॅक्टोबॅसिलस कोंबडीला चिकटतात, इतर प्राण्यांकडून घेतलेले सहसा चिकटत नाहीत. पिल्लांना ताक किंवा दह्याचं पाणी पाजण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्यातलं आम्ल आणि पोषण पिल्लाला मिळतं, पण दुधात वाढलेले ते जिवाणू कोंबडीच्या पोटात घर करतील ही अपेक्षा धरू नये.

बॅसिलसची गोष्ट वेगळी आहे. बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस, बॅसिलस अमायलोलिक्वेफेशियन्स हे मूळचे मातीतले. कठीण काळात ते बीजाणू होऊन बसतात. पेलेट बनवताना खाद्य वाफेवर ८० अंशांच्या पुढे तापतं. त्यात लॅक्टोबॅसिलस मरतात, बीजाणू मात्र टिकतात. खाद्य कारखान्याला दुसरं काय हवं? इंग्लंडमध्ये ला रॅजिओन आणि वुडवर्ड यांनी २००३ साली रोगमुक्त वाढवलेल्या पिल्लांना बॅसिलस सबटिलिसच्या बीजाणूंचा एकच मोठा डोस दिला आणि दुसऱ्या दिवशी रोगजंतू दिले. साल्मोनेला एन्टेरिटिडिस आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या दोघांचीही वस्ती आणि मुक्काम कमी झाला. बॅसिलस आतड्यात कायम राहत नाही. तो येतो, उगवतो, थोडं काम करतो आणि विष्ठेबरोबर निघून जातो. म्हणून तो रोज द्यावा लागतो. विक्रेत्याला ही अडचण वाटत नाही, हे सांगायला नको.

आता क्लॉस्ट्रिडियमकडे वळू. प्रोबायोटिकची आजची मागणी मुख्यतः त्याच्यामुळे आहे आणि त्याची गोष्ट अँटिबायोटिकपासून सुरू होते. १९४९-५० च्या सुमारास अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत स्टॉकस्टॅड आणि ज्यूक्स हे जीवनसत्त्व बी-१२ शोधत असताना त्यांना दिसलं की क्लोरटेट्रासायक्लिन बनवताना उरलेला चोथा खाल्लेली पिल्लं जास्त वेगाने वाढतात. तिथून पुढे खाद्यात थोडं थोडं अँटिबायोटिक घालण्याची रीत जगभर पसरली. पक्षी आजारी असो वा नसो, टनामागे अमुक ग्रॅम. औषधाला दाद न देणारे जिवाणू तयार होऊ लागले तेव्हा स्वीडनने १९८६ साली वाढीसाठीचा हा वापर बंद केला. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून तो पूर्ण थांबवला, अमेरिकेने २०१७ पासून माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली अँटिबायोटिक वाढीसाठी वापरायला बंदी केली. भारतात जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिनवर बंदी आली. बाकी सगळी औषधं हरल्यावर अतिदक्षता विभागात जे औषध काढतात ते आपण कोंबडीखाद्यात घालत होतो, हे वाक्य आजही सावकाश वाचावं असं आहे.

खाद्यातून अँटिबायोटिक निघालं तेव्हा आतापर्यंत त्याखाली दबलेला, क्लॉस्ट्रिडियममुळे होणारा नेक्रोटिक एन्टेरायटिस हा आतड्याचा रोग वर आला. मेलेला पक्षी चिरून पाहिला की हा रोग लपत नाही. आतड्याचा मधला भाग वायूने फुगलेला असतो आणि भिंत इतकी नाजूक झालेली असते की कात्री लावताच फाटते. आत नेहमीचं मऊ गुलाबी अस्तर दिसत नाही. त्या जागी पिवळट-तपकिरी खरखरीत थर असतो, वापरून जून झालेल्या टॉवेलसारखा, आणि वास असा की शेजारचा माणूस दोन पावलं मागे सरतो. सकाळी खाताना दिसलेला पक्षी संध्याकाळी मेलेला सापडतो. बहुधा दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यातलं हे दुखणं. ठळक रोगापेक्षा त्याचं छुपं रूप जास्त महागात पडतं. तिथे मरतूक वाढत नाही, फक्त लिटर (शेडच्या जमिनीवर पसरलेलं तूस) ओलं राहतं, विष्ठेत न पचलेले दाणे दिसतात आणि लॉट निघताना एफसीआर बिघडलेला सापडतो.

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स निरोगी कोंबडीच्या आतड्यातही थोडाफार असतोच. तो बिथरतो तो विशिष्ट परिस्थितीत. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली नेटबी हे विष शोधलं. ते बनवणारे प्रकारच मुख्यतः हा रोग करतात. पण विष बनवणारा जिवाणू असला म्हणजे रोग होतोच असं नाही. आधी आतड्याला जखम होते आणि ती बहुतेक वेळा आयमेरिया हा एकपेशी परजीवी करतो. कोंबडीत आयमेरियाच्या सात जाती सापडतात. सीकममधून रक्त काढणारी, शेतकऱ्यांना रक्ती हगवण म्हणून ठाऊक असलेली जात म्हणजे टेनेला. आतड्याच्या मधल्या भागात मॅक्सिमा नुकसान करते. जखमेतून प्रथिनं झिरपतात आणि क्लॉस्ट्रिडियमला आयती मेजवानी मिळते. खाद्यात मासळीचा चुरा जास्त असणं किंवा गहू-बार्लीमुळे आतड्यातला ऐवज चिकट होणं यांनीही वाट मोकळी होते. आपल्याकडे खाद्य मका-सोयाबीनचं, त्यामुळे चिकटपणाचा त्रास कमी. पण कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात लिटर ओलं झालं की आयमेरिया फोफावतो आणि त्यामागून क्लॉस्ट्रिडियम येतो.

युरोपात बंदीनंतर कोंबडीपालन कोसळलं नाही, याचं श्रेय अनेक लेखांत प्रोबायोटिक, आम्लं आणि वनस्पतींचे अर्क यांना दिलं जातं. माझ्या मते हे अर्धंच खरं आहे. मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन, नरासिन ही आयोनोफोर गटातली औषधं युरोपात आयमेरियाविरोधी म्हणून चालूच राहिली. ती क्लॉस्ट्रिडियमलाही दाबतात. म्हणजे पुढच्या दाराने अँटिबायोटिक गेलं तरी मागच्या दाराला एक पहारेकरी उभा होता. तोही काढून पाहण्याचं धाडस नॉर्वेने केलं. तिथल्या उद्योगाने २०१५-१६ मध्ये नरासिन सोडलं. ते जमलं ते लस, मोकळी जागा, कोरडं लिटर आणि चोख व्यवस्थापन यांच्या जोरावर. त्यात प्रोबायोटिक होतं तर ते या सगळ्यांच्या रांगेत, सगळ्यांच्या पुढे नव्हे.

इतर रोगांचा हिशेब पटकन उरकता येतो. आयमेरिया पेशीच्या आत शिरून वाढतो, त्यामुळे प्रोबायोटिक त्याला थेट गाठू शकत नाही. विष्ठेतल्या त्याच्या अंड्यांची संख्या काही प्रयोगांत कमी झाली, काहींत नाही. लस आणि औषध यांची जागा ते घेऊ शकत नाही, मागून येणाऱ्या क्लॉस्ट्रिडियमला मात्र थोडा अटकाव करू शकतं. ई. कोलायबाबत परिणाम बरे आहेत, विशेषतः पहिल्या दिवसांत. कॅम्पिलोबॅक्टरपुढे मात्र सगळेच थकले. तो कोंबडीला आजारी न करता सीकमच्या चिकट थरात सुखाने राहतो, एका ग्रॅमला कोट्यवधींच्या संख्येने, आणि नुर्मींच्या पद्धतीनेही तो भरवशाने हटत नाही. मानमोडी, गंबोरो हे विषाणूंचे रोग, त्यांना लसच हवी. पाकिटावर त्यांचंही नाव असेल तर पाकीट खाली ठेवावं.

मग शेडमध्ये फरक का दिसत नाही, किंवा कधी दिसतो, कधी नाही? कारणं बरीच साधी आहेत. महाराष्ट्रात ब्रॉयलरपालनाचा मोठा भाग करार पद्धतीचा. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची, शेड आणि मजुरी शेतकऱ्याची. पिल्लं उतरली की पहिल्या पाण्यात गूळ किंवा इलेक्ट्रोलाइट, आणि अनेक ठिकाणी लगेच तीन ते पाच दिवस अँटिबायोटिकचा कोर्स, रोग नसतानाही. त्याच दिवसांत किंवा कोर्स संपता संपता प्रोबायोटिक. आतड्यातली जागा धरायचे दिवस तेच असतात, आणि त्याच दिवसांत आपण जागा धरणाऱ्यालाच औषध पाजत असतो. बीजाणू औषधात तग धरतो, पण उगवला की तोही मरतो. पाण्याचंही तसंच. टाकीत क्लोरीन टाकायचं आणि त्याच पाण्यात जिवंत जिवाणूंची भुकटी सोडायची हे परस्परविरोधी आहे. प्रोबायोटिक द्यायचं असेल तेव्हा पाणी क्लोरीनविना हवं आणि तयार केलेलं पाणी काही तासांत संपायला हवं. मार्च ते मे विदर्भात आणि मराठवाड्यात शेडच्या खोलीत ठेवलेल्या पाकिटातले लॅक्टोबॅसिलस किती जिवंत उरतात, हा वेगळाच प्रश्न. पाकिटावरचा सीएफयूचा, म्हणजे जिवंत जिवाणूंचा, आकडा सहसा भरतीच्या दिवसाचा असतो.

पाकिटाचा विचार करण्याआधी लिटरबद्दल दोन शब्द. तुसाची मूठ दाबून सोडली आणि गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. मूठ उघडताच तूस सुटं झालं तर ठीक. ही फुकटची तपासणी रोज सकाळी ड्रिंकरखालच्या जागेत केली तर आतड्याच्या रोगांपैकी पुष्कळांना ती कोणत्याही पाकिटापेक्षा आधी हेरते.

प्रयोगांच्या आकड्यांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण विक्री याच आकड्यांवर होते. समजा दोन किलोच्या पक्ष्याचा एफसीआर १.६ आहे, म्हणजे त्याने ३.२ किलो खाद्य खाल्लं. प्रोबायोटिकने तो ०.०३ ने सुधारला तर पक्ष्यामागे ६० ग्रॅम खाद्य वाचतं. पाच हजारांच्या शेडमध्ये ३०० किलो, म्हणजे पन्नास किलोची सहा पोती. फायदा खरा आहे, पण एका लॉटमधून दुसऱ्या लॉटमध्ये एफसीआर याहून कितीतरी जास्त हलतो. पिल्लाचं वय, ब्रीडर कळपाचं वय, ऊन, मक्याची प्रत, विक्रीला झालेला उशीर. म्हणून ‘मागच्या लॉटला दिलं नव्हतं, या लॉटला दिलं, बघा फरक’ ही तुलना ऐकताना हसून सोडून द्यावी. फरक दिसायला एकाच वेळी, एकाच शेडमध्ये, अनेक कप्प्यांत विभागलेले पक्षी लागतात आणि प्रत्येक कप्पा एक नमुना मानावा लागतो, प्रत्येक पक्षी नव्हे. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र करून पाहिले. वाढ आणि खाद्याचा वापर सरासरीने सुधारतो आणि खाद्यापेक्षा पाण्यातून दिलेल्याचा परिणाम जास्त दिसतो, असं त्यांना आढळलं. सरासरीच्या पोटात मात्र मोठी विषमता आहे. प्रयोगशाळेच्या स्वच्छ शेडमध्ये पिल्लांवर रोगजंतूंचा दाबच नसतो, तिथे राखणदार असला काय नि नसला काय. अगदी बेशिस्त शेडमध्ये रोगजंतू इतके येतात की राखण अपुरी पडते. मधल्या प्रतीच्या शेडमध्ये, जिथे बहुतेक पक्षी खरोखर वाढतात, फायदा सर्वांत जास्त दिसायला हवा.

प्रोबायोटिक निरुपद्रवीच असतं, हा समजही तपासून पाहावा. जिवाणू जिवंत असतो आणि त्याच्यापाशी औषधाला न जुमानणारी जनुकं असली तर तो ती शेजाऱ्याला देऊ शकतो. बॅसिलस सीरियसच्या एका प्रकारावर आधारलेलं टोयोसेरिन युरोपात वर्षानुवर्षं वापरलं गेलं. टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉलविरोधी जनुकं आणि विष बनवण्याची क्षमता या शंकांवरून २०१३ साली त्याची परवानगी स्थगित झाली. एन्टेरोकॉकस फेशियमबद्दलही अशीच काळजी घेतली जाते, कारण त्याची भावंडं रुग्णालयांतल्या हट्टी संसर्गात सापडतात. युरोपात म्हणून जातीच्या नावावर भागत नाही. नेमका कोणता वाण, त्याचा क्रमांक, त्याची जनुकं, सगळं तपासलं जातं. आपल्याकडच्या पुष्कळ पाकिटांवर ‘लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस, सॅकरोमायसिस’ एवढंच असतं. एकाच जातीतले दोन वाण एकमेकांपासून फार वेगळे वागू शकतात. वाण लिहिलेला नसेल तर ज्या शोधनिबंधाचा दाखला विक्रेता देतो तो याच जिवाणूचा आहे हे कशावरून? शेतकऱ्याने विचारावा असा हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न: मुदत संपण्याच्या दिवशी जिवंत संख्या किती?

सगळ्यांत जास्त पुरावा साल्मोनेलाविरुद्ध पहिल्या दिवशीच्या फवाऱ्याचा आणि सगळ्यांत जास्त विक्री एफसीआरसाठी खाद्यातल्या भुकटीची, असं का? त्याचं उत्तर पैशात आहे. नुर्मींचं काम छापून यायच्या दोन वर्षं आधी, १९७१ सालीच बी. व्ही. राव यांनी पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजची सुरुवात केली आणि पुढे महाराष्ट्र देशाच्या कुक्कुटपालनाच्या मोठ्या केंद्रांपैकी एक बनला. हॅचऱ्या इथेही आहेत आणि फिनलंडमध्येही. फरक आहे तो हिशेबात. साल्मोनेला एन्टेरिटिडिस किंवा इन्फँटिसने ब्रॉयलर सहसा आजारी पडत नाही. त्याचं वजन भरतं, तो विकला जातो, आजारी पडतो तो खाणारा. फिनलंड आणि स्वीडन १९९५ साली युरोपीय संघात गेले तेव्हा साल्मोनेलाबाबतचे आपले कडक नियम त्यांनी राखून घेतले. तिथे साल्मोनेला सापडलेला कळप म्हणजे मालकाचं थेट नुकसान, म्हणून हॅचरीपासून कत्तलखान्यापर्यंत प्रत्येकाला पहिल्या दिवशीच्या राखणीचा खर्च परवडतो. आपल्याकडे बहुतेक कोंबडी जिवंत विकली जाते, दुकानात समोर कापली जाते आणि तिच्यात साल्मोनेला होता की नाही हे कोणी विचारत नाही. शेतकऱ्याला मिळणारा वाढवणीचा दर एफसीआर आणि मरतुकीवर ठरतो. मग तो साल्मोनेलासाठी पैसे कशाला मोजेल, आणि कंपनी तरी का मोजेल?

पॅकबंद चिकन विकणाऱ्या साखळी दुकानांनी आणि मोठ्या हॉटेलांनी साल्मोनेलाच्या तपासणीवर भाव ठरवायला सुरुवात केली, तर हॅचरीतला फवारा लसीच्या शेजारी खर्चाच्या रकान्यात येऊन बसेल. प्राणवायू न चालणारी मिश्रणं थंड साखळीतून हॅचरीपर्यंत आणणंही मग कोणाला तरी परवडू लागेल. अंड्यातच अठराव्या दिवशी लसीबरोबर जिवाणू टोचण्याचे प्रयोग चालू आहेत, त्यांनाही गिऱ्हाईक मिळेल. तोवर विकली जाईल ती उन्हात टिकणारी बॅसिलसची भुकटी, पोत्यामागे अमुक ग्रॅम.